फळीवर अंथरलेल्या रजा

कागदावर चार ओळी होत्या आणि चौथी ओळ खोटी होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला ती खरी वाटत होती. म्हणूनच मी माझ्या बापाला म्हणाले, “करा ना सही.”

ओळी अशा होत्या. मी, भीमराव सखाराम ओव्हाळ, सुलेख मुद्रणालयातील नोकरीचा राजीनामा देत आहे. शिल्लक रजांपैकी पंचेचाळीस दिवसांचा पगार मला मिळाला. यापुढे माझी कोणतीही मागणी नाही. उरलेल्या रजा मी वेळोवेळी स्वखुशीने घेतलेल्या नाहीत.

पप्पांनी कागद दोनदा वाचला. मग पेनला टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

“भीमराव, नीट वाचून घ्या,” अनिरुद्ध माटे म्हणाले. हे मालक. वय पप्पांपेक्षा दहा वर्षांनी कमी, पण अहो-जाहो फक्त वरवरचं. “नंतर म्हणाल फसवलं. वाचता येतं ना? सदतीस वर्षं छापलंच आहे तुम्ही.”

“उद्या येतो,” पप्पा म्हणाले.

“उद्या शनिवार. सोमवारी मशिनं हलतायत. चेक उद्या दुपारपर्यंत या ड्रॉवरमध्ये आहे. त्यानंतर कोर्टात भेटू. निकाल लागेल, तुमच्या नातवंडांच्या बारशाला.”

टायपिंग करणाऱ्या रुपाली मॅडमनी मान वर केली नाही. मालकांच्या विनोदाला हसायचं की नाही हे त्या पगारातून शिकल्या असतील.

नारायण पेठेतल्या त्या गल्लीत खाली छापखाना आणि वर माट्यांचं घर. पप्पा सदतीस वर्षं तिथल्या ऑफसेट मशिनवर होते. सराफांची, पतसंस्थांची, दूधवाल्यांची कॅलेंडरं छापायची. ‘भीमराव घरचे आहेत’ असं माटे सगळ्यांना सांगायचे. घरच्या या माणसानं सदतीस वर्षांत तो वरचा जिना एकदाही चढला नव्हता.

आता छापखाना शहराबाहेर, मांजरी गावाच्या पुढे एका शेडमध्ये चालला होता. यायचं तर या, पगार तोच, सकाळी आठला हजर. पप्पा सत्तावन्न वर्षांचे, गुडघे गेलेले, दांडेकर पुलाजवळून दोन बस बदलून जायचं. न झेपणारी नोकरी देऊ केली की माणूस आपणच राजीनामा लिहितो. काढून टाकलं असं म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

आणि आम्हाला पैसे हवे होते. उगाच नको, पाहिजेच होते. मागच्या ऑक्टोबरात आई डेंग्यूनं गेली. पाच दिवस आयसीयू. त्यासाठी पतसंस्थेचं एक लाखाचं कर्ज काढलं आणि शेजारच्या उत्तरेश्वरकाकांनी जामीन म्हणून सही केली. ते महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. आमचे हप्ते थकले. एक तारखेपासून काकांच्या पगारातून कापणार, अशी नोटीस त्यांच्या घरी आली. काका ती दाखवायला आले आणि दाखवता दाखवता म्हणाले, “तुम्हाला सांगायला नको होतं खरं तर.” जामीन राहिलेला माणूस आमच्या दारात ओशाळा उभा होता. मला जमीन फाटेल तर बरं असं झालं.

एक तारीख मंगळवारी होती. आणि माझा बाप पेनला टोपण लावत होता.

घरी येईपर्यंत मी गप्प राहिले. मी मेडिकलच्या दुकानात बिलिंगला आहे, दिवसभर गप्प राहायची सवय आहे. दार लागलं आणि मी सुटले.

“काय खोटं होतं त्यात? सांगा ना! का नाही केली सही?”

पप्पा चपला काढत होते. “चौथी ओळ.”

“तेवढीच तर खरी आहे! आई पाच दिवस मरत होती आणि तुम्ही डबा घेऊन कामावर जात होता. मी हॉस्पिटलच्या पायरीवरनं फोन केला, पप्पा या, प्लेटलेट अठरा हजारांवर आल्यात. काय म्हणालात? सीझन आहे. रजा साठवतोय. साठवल्यात ना? मग घ्या आता पंचेचाळीस दिवसांचे पैसे आणि मोकळे व्हा. स्वखुशीनेच नाही घेतल्यात तुम्ही.”

आठ महिने हे माझ्या घशात होतं. आठ महिने आम्ही बापलेक फक्त गॅस, किल्ली आणि दूध याबद्दल बोलत होतो.

पप्पा खाली बसले. “मागितली होती.”

“कुणी?”

“मी. पाची दिवस.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू तिच्या उशाशी असायचीस. तुला सांगितलं असतं तर तिच्यापर्यंत गेलं असतं.” त्यांनी चपलांची जोडी सरळ केली. “तिला काय सांगू? सदतीस वर्षं जिथं घासली तिथं मला पाच दिवस देत नाहीत? जन्मभर तिला ऐकवत आलो, मी मागितली तर नाही म्हणायची कुणाची टाप आहे. ते तिला खरं वाटत होतं, पूर्वा. म्हटलं, जाताना तरी राहू दे.”

माझा विश्वास बसला नाही. खरं सांगते, बसला नाही. स्वतःला वाचवण्यासाठी बापानं रचलेली गोष्ट वाटली.

“पुरावा?”

“हिरवे गोल,” ते म्हणाले.

हिरवे गोल मला लहानपणापासून माहीत होते. कॅलेंडर छापताना रंग जुळेपर्यंत पहिली शीटं वाया जातात. लाल रंग सरकतो, गणपतीला दोन सोंडा येतात, रविवारचे आकडे दुहेरी दिसतात. असल्या वाया गेलेल्या शीटांचं एकेक कॅलेंडर चौदा कामगारांना मिळायचं. छापखान्यात प्रत्येकाचा एक खिळा होता आणि त्या खिळ्याला त्याचं कॅलेंडर. रजा मागायला गेलं की माटे अर्ज घ्यायचे नाहीत. ‘घरच्या माणसानं अर्ज कसला करायचा?’ मग उठून भिंतीपाशी यायचे, खिशातलं हिरव्या शाईचं पेन काढायचे, मागितलेल्या तारखेला गोल करायचे आणि शेजारी बारीक सही. ‘ही रजा माझ्याकडे जमा. सीझन संपला की घ्या.’ सीझन संपला की लग्नपत्रिका. लग्नपत्रिका संपल्या की शाळेच्या वह्या. वह्या संपल्या की पुन्हा कॅलेंडरं.

आणि आमची माणसं इतकी भाबडी की ज्याच्या कॅलेंडरावर गोल जास्त, त्याची छाती जास्त फुगलेली. पप्पा जानेवारीत जुनं कॅलेंडर घरी आणायचे आणि आईला दाखवायचे. “बघ कांता, किती जमा झाल्या.” नकाराच्या खुणा बँकेच्या पासबुकासारख्या मिरवायचे.

“कुठायत ती कॅलेंडरं?” मी विचारलं.

पप्पांनी स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या फळ्यांकडे पाहिलं.

आई दर जानेवारीत ती फळ्यांवर अंथरायची, छापील बाजू खाली. जुना कागद काढायची नाही, त्यावरच नवा. थर जाड झाला की भिंतीची ओल डब्यांना लागत नाही, म्हणायची.

मी स्टुलावर चढले. आईचे डबे उतरवले. डाळ, पोहे, तिखट, तिनं धागा बांधून ठेवलेली शेवयांची पिशवी. आठ महिन्यांत त्या फळ्यांना मी हात लावला नव्हता. डब्यांच्या बुडाचे गंजलेले गोल कागदावर उठले होते. पप्पा खालून एकेक पान घेत होते आणि उलटं करून फरशीवर मांडत होते. तेल पिऊन काही पानं पारदर्शक झाली होती. झुरळांनी कडा खाल्ल्या होत्या. पण हिरवी शाई पक्की निघाली.

दोन हजार तेवीसपासून मागे मागे, अठरापर्यंत; त्याखालच्या थरांचा ओलीनं लगदा झाला होता. सहा वर्षं.

“हा तुझा बारावीचा निकाल,” पप्पा म्हणाले. “हे तुझ्या मावशीचं लग्न. हा आईचा मोतीबिंदू.”

प्रत्येक वर्षाचं डिसेंबरचं पान मी वेगळं काढलं. सहा डिसेंबर. हिरवा गोल. सहा डिसेंबर. हिरवा गोल. सहा पानं, सहाही गोल. चैत्यभूमीला जायचं म्हणून पप्पा दरवर्षी एक दिवस मागत होते आणि आम्हाला सांगत होते, गर्दीत काय जायचं, आपण इथंच वंदना घेऊ. आम्ही इथंच घेत होतो.

मी मोबाईलवर कायदा शोधला. न घेतलेली रजा पंचेचाळीस दिवसांपर्यंतच साठते. पण कामगारानं मागितली आणि मालकानं नाकारली, तर पंचेचाळीसच्या वरच्या दिवसांचेही पैसे मागायचा हक्क त्याला आहे. तेव्हा मला चौथ्या ओळीचा अर्थ लागला. ती ओळ माट्यांनी उगाच घातली नव्हती. ‘स्वखुशीने’ म्हटलं की बाकी सगळे दिवस मातीत.

“चोवीसचं कुठाय?” मी विचारलं. मला हवं होतं ते त्यातच होतं.

“आणलं नाही.” पप्पा पानं जुळवत होते. छापखान्यातल्यासारखी, कोपऱ्याला कोपरा. “अंथरणार कोण होतं?”

शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही गल्लीत पोचलो, तर छापखान्याची भिंत मोकळी. चौदा खिळे, कॅलेंडर एकही नाही. बाहेर रद्दीवाल्याचा टेम्पो उभा. मी सरळ टेम्पोत चढले.

“ओ ताई, वजन झालंय!”

“पुन्हा करा.”

“मालकांना पैसे दिलेत मी!”

“मी तुम्हाला देते. थांबा जरा.”

गठ्ठे सुतळीनं बांधलेले. मी दातांनी गाठी सोडवल्या. पत्रिका, बिलबुकं, कुणाच्या तरी श्रद्धांजलीची कार्डं. पप्पा खाली उभे राहून वर बघत होते, हॉस्पिटलच्या काचेबाहेर उभे राहायचे तसे. चौथ्या गठ्ठ्यात कॅलेंडरं लागली. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव. ‘ओव्हाळ’ दोन निघाली. पंचवीसचं अर्धवट आणि चोवीसचं पूर्ण.

रद्दीवाल्यानं दोन्ही काट्यावर टाकली. “नऊ रुपये द्या.”

टेम्पोतच बसून मी ऑक्टोबर उघडला. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. हिरवे गोल, शेजारी सही. अठरालाही गोल. आई अठराला अकरा वाजता गेली. म्हणजे त्या सकाळीही तो माणूस त्या भिंतीपुढे उभा राहिला होता आणि त्या सकाळीही त्याची रजा जमा करून घेण्यात आली होती.

एकोणीस, वीस, एकवीसवर लाल फुल्या. फुली म्हणजे घेतलेली रजा, वजा. आई गेल्यावरचे तीन दिवस. वीस तारखेला रविवार होता. माट्यांनी रविवारही कापला होता.

मी खाली उतरले. पप्पांच्या तोंडाकडे बघवेना. मी त्यांचा हात धरला. लहान असताना रस्ता ओलांडताना धरायचे तसा, दोन बोटं.  त्यांना काही विचारावं लागलं नाही.

आत माटे खोक्यांवर नंबर टाकत होते. रुपाली मॅडम कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होत्या. मी आठ कॅलेंडरं टेबलावर ठेवली.

“ही काय रद्दी?”

“जमा रजा. आईनं फळ्यांवर अंथरल्या होत्या,” मी म्हणाले. “एकशे नऊ दिवस. फुल्या वजा करून. मागितलेल्या आणि तुम्ही नाकारलेल्या. सगळ्यांचे पैसे लागतात.”

“अरे वा. मेडिकलच्या दुकानात हल्ली कायद्याच्याही गोळ्या मिळतात वाटतं.” माट्यांनी एक पान बोटाच्या टोकानं उचललं. तेलकट होतं. “हे डिलिव्हरीच्या तारखांचे गोल आहेत. मी करत असतो.”

“सहा डिसेंबरला कसली डिलिव्हरी असते साहेब? दरवर्षी? आणि ती नेमकी याच एका माणसाच्या कॅलेंडरावर?”

“त्याच माणसाच्या मशिनवर काम असेल.”

“आणि बारावीच्या निकालाच्या दिवशी? ऑक्टोबरात सलग पाच दिवस, माझी आई आयसीयूत असताना? रुपाली मॅडम, तुमच्या कॅलेंडरावरचे गोल कशाचे आहेत?”

रुपाली मॅडमच्या हातातली वायर थांबली.  ते माट्यांनी पाहिलं.

“मॅडम, तुम्ही जरा टेम्पोवाल्याकडे बघा.”

त्या गेल्या. माट्यांनी दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसले. आवाज एकदम मऊ झाला.

“भीमराव, आपण एकमेकांना किती वर्षं ओळखतो? घरातलं भांडण चव्हाट्यावर न्यायचं का? ठीक आहे. एकशे नऊ तर एकशे नऊ. आत्ता चेक लिहितो. सोमवारी बँकेत टाका. फक्त दोन गोष्टी. कागद पंचेचाळीसच्या जागी एकशे नऊ घालून, बाकी आहे तसाच. आणि ही पानं इथं ठेवून जायची.”

“चौथी ओळ?” पप्पा म्हणाले.

“ती राहणार. तुम्ही स्वखुशीने साठवल्यात, मी स्वखुशीने पैसे देतोय. तेरा लोक अजून आहेत, भीमराव. उद्या प्रत्येक जण बायकोच्या फळीवरची पानं घेऊन उभा राहील. मला धंदा करायचाय.”

दिवसाला हजारानं एक लाख नऊ हजार. उत्तरेश्वरकाका सुटत होते. मंगळवार सुटत होता. मी पप्पांच्या कानाशी वाकले.

“नका करू, पप्पा.”

“काल तू करा म्हणत होतीस.”

“काल मला माहीत नव्हतं! ते खोटं आहे. पाच दिवस तिथं उभे राहिलात तुम्ही. आणि बाकीच्यांचं काय? आपण कामगार ऑफिसला जाऊ, तक्रार करू...”

“किती दिवस लागतील?”

 मंगळवारच्या आत नाही, एवढं दोघांनाही माहीत होतं.

पप्पांनी पेनचं टोपण काढलं. “काल तुला ती ओळ खरी वाटत होती, म्हणून केली नाही. आज तुला ती खोटी आहे हे माहीत आहे. आता कागदावर काय का असेना.”

आणि त्यांनी सही केली. सुबक, जोडाक्षरं वेगळी काढून. मी त्यांचा हात धरायला हवा होता. धरला नाही. उत्तरेश्वरकाका आमच्या दारात ओशाळे उभे होते, तेच माझ्या डोळ्यांपुढे होतं. ज्याच्या घरात एक तारखेची धास्ती नाही, त्यानं मला तत्त्वं शिकवायला यावं, मी चहा करून ठेवते.

माट्यांनी आठही कॅलेंडरं उचलली आणि खिडकीतून हाक मारली, “अहो रद्दी, हे राहिलं तुमचं.” चेकवर सही केली. पेन तेच. हिरवं.

सोमवारी चेक बँकेत टाकला, बुधवारी वटला. त्याआधी एक तारीख येऊन गेली, पण काकांनी पतसंस्थेत आमचा चेक भरल्याची पावती दाखवली तेव्हा पगारातली कपात थांबली. आमच्या दारात आता ते ताठ उभे राहतात. तेवढं झालं.

पण मला रविवारबद्दल सांगायचंय. मशिनं हलायच्या आदल्या दिवशी. फळ्या उघड्या पडल्या होत्या, डबे फरशीवर. पप्पा नुसतेच त्या ओल्या लाकडाकडे बघत बसले होते. दार वाजलं. साईनाथ, छापखान्यातला बाइंडर, चाळिशीचा. पाठीमागे त्याची बायको शकू. तिच्या हातात साडीत गुंडाळलेला एक लांब गठ्ठा.

“रुपाली मॅडमनी रात्री फोन केला,” साईनाथ म्हणाला. “सगळ्यांना केला. म्हणाल्या, घरातल्या फळ्या बघा.”

शकूनं गठ्ठा उघडला. तेलाचा, तिखटाचा, ओलीचा वास आला. आमच्याच घराचा वास.

“सहा निघाली,” ती म्हणाली. “एक बाळंतिणीच्या खाटेखाली घातलं होतं, ते गेलं.”

“भीमरावदादा, मला उद्या बोलावलंय सहीला. पंचेचाळीस दिवस म्हणतायत. करू?”

“नको,” पप्पा म्हणाले.

“तुम्ही केलीत ना?”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली. “मला ज्याच्यासाठी थांबायचं होतं ते मिळालं होतं, साईनाथ. आणि मला घाई होती. तुला घाई आहे का?”

साईनाथ विचार करत राहिला. शकू नाही राहिली.

“मला सातव्या महिन्यात रक्त गेलं तेव्हा हे आले नव्हते,” ती म्हणाली. “म्हणाले सीझन आहे.” तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पानांकडेच बघत होती. “ती तारीख यात आहे का, तेवढं बघून द्या आधी.”

पप्पांनी आपलं रंग जुळवायचं भिंग कपाटातून काढलं आणि फरशीवर मांडी घातली. मी वही उघडली. यापुढे माझी कोणतीही मागणी नाही, असं पप्पांनी लिहून दिलं होतं. मी दिलं नव्हतं.

“कुठलं साल?” मी शकूला विचारलं.